काजळ, कुंकू आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की घरी सोडताना एक कागद देतात, त्यावर ड्रॉप्सचं टाइमटेबल असतं आणि खाली पाच-सात सूचना. डोळा चोळू नका, डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका, जड उचलू नका, काळा चष्मा वापरा. बरोबरच आहे सगळं. पण हा कागद ज्याने कोणी पहिल्यांदा लिहिला त्याने आयुष्यात कधी लाल मिरचीची फोडणी दिली नसणार, कमरेपर्यंतचे केस धुतले नसणार आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर नक्कीच गेला नसणार. माझं ऑपरेशन नेमकं जानेवारीत, म्हणजे संक्रांत ते रथसप्तमी रोज कोणाकडे तरी बोलावणं, आणि माझ्या डोक्यात नुसते प्रश्न. कुंकू लावून घेऊ का? पावडर चालेल? काजळ कधीपासून? केस कसे धुवायचे? विचारायला गेलं तर मागे पेशंटची ही लाईन, आणि असिस्टंट मुलीच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं की काकू, या वयात काजळाचं काय घेऊन बसलात. अगं बाई, चाळीस वर्षं रोज काजळ घालून बँकेत गेलेय मी, काजळाशिवाय आरशात मला मीच आजारी दिसते.

तर हे सगळं ज्या बायकांना पडतं पण विचारायला लाज वाटते त्यांच्यासाठी लिहितेय. मी डॉक्टर नाही, तुमच्या सर्जनने काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, कारण प्रत्येकाचा डोळा वेगळा आणि ऑपरेशनचा प्रकारही वेगळा असू शकतो.

मला एक गोष्ट लवकर कळली ती म्हणजे ही सगळी पथ्यं फक्त दोन कारणांतून आलेली आहेत. एक, जखम भरेपर्यंत आत जंतू जाऊ नयेत. दोन, जखमेवर दाब किंवा धक्का येऊ नये. बस. ही दोन कारणं पक्की डोक्यात ठेवली की कागदावर नसलेल्या निम्म्याहून जास्त प्रश्नांची उत्तरं आपली आपल्यालाच मिळतात. फोडणीचं काय? तेलाचा थेंब उडाला तर जखम, डोळ्यात ठसका गेला तर हात आपोआप चोळायला जाणार, म्हणजे नको. टीव्हीचं काय? टीव्हीतून ना जंतू येतात ना दाब, म्हणजे खुशाल बघा. आमच्याकडे उलटं चाललं होतं, मोबाईल बघितला की हे ओरडायचे आणि भाकऱ्या थापायला बसले तर कोणी काही बोलायचं नाही!

आता फेको पद्धतीत, म्हणजे अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू आतच फोडून ओढून घेतात तिच्यात, चीर असते ती साधारण अडीच मिलीमीटर, जेमतेम एका तिळाएवढी. टाका नाही. चीर अशी तिरकी घेतात की डोळ्याच्या आतल्या दाबानेच ती मिटून बसते. शिबिरात वगैरे जी दुसरी पद्धत बऱ्याचदा करतात, एसआयसीएस, म्हणजे अल्ट्रासाउंडशिवाय मोतीबिंदू काढायची, तिच्यात चीर सहा-सात मिलीमीटरची असते, तीही बहुतेक वेळा बिनटाक्याची, पण मोठी असल्यामुळे पथ्य जरा जास्त. आपलं नेमकं कुठलं झालंय हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं, ते बघून ठेवा, नाहीतर शेजारणीचे नियम आपल्याला आणि आपले तिला असा घोळ होतो.

आणि घरातल्या मोठ्या माणसांचे नियम तर तिसऱ्याच ऑपरेशनचे असतात. माझ्या आजीचा मोतीबिंदू काढला तेव्हा अख्खं भिंग बाहेर काढायचे, मोठी चीर, टाके, डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, दिवसच्या दिवस उताणं पडून राहायचं, आणि नंतर तो जाड भिंगाचा चष्मा जन्मभर. त्या बायकांनी दीड-दोन महिने डोक्यावरून पाणी घेतलं नाही ते त्या काळात बरोबरच होतं. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची सुरुवात लंडनमध्ये १९४९ साली हॅरॉल्ड रिडले यांनी केली, दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या काचेचे, म्हणजे खरं तर पर्स्पेक्स प्लास्टिकचे, तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात घुसले होते आणि डोळा त्यांना विरोध न करता गप बसला होता हे त्यांनी पाहिलं होतं. आणि १९६७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू फोडून ओढून घ्यायची युक्ती आणली, ती म्हणे त्यांना दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत दात साफ करायचं यंत्र बघून सुचली. हे सगळं आपल्या सामान्य माणसांपर्यंत पोचायला पुढे कितीतरी वर्षं गेली. म्हणून सासूबाई जेव्हा म्हणतात "थंडीत केलंस ते बरं केलंस हो, उन्हाळ्यात डोळा पिकतो" किंवा "आणि अजून थोडा पिकू द्यायचा होतास" तेव्हा हो हो म्हणायचं, कारण त्यांच्या काळाचं ते बरोबर आहे. आता ऋतूचा काही संबंध नाही, आणि पिकायची वाट बघितली तर तो कडक होऊन काढायला उलट अवघड जातो.

बरं, जंतू येतात कुठून? मला वाटायचं बाहेरच्या धुळीतून. ते आहेच, पण मुख्य म्हणजे आपल्याच पापण्यांच्या कडांवर आणि कातडीवर जे कायम राहतात तेच. म्हणून ऑपरेशनच्या आधी टेबलवर डोळ्यात बीटाडीन घालतात आणि भोवतीची कातडीही त्यानेच पुसतात. नंतर डोळ्याभोवती पिवळट-तपकिरी डाग दिसतो तो बऱ्याचदा त्याचाच, मार लागलाय वगैरे समजून घरात रडारड नको. आणि म्हणूनच काजळाचा प्रश्न ऑपरेशनच्या नंतर नाही तर आधी सुरू होतो. रोज काजळ घालणाऱ्या बाईच्या पापणीच्या आतल्या कडेला ते साचलेलं असतं, एका दिवसात धुतल्याने जात नाही, तिथे तेलाच्या बारीक ग्रंथींची तोंडं असतात ती बुजतात. मी आठवडाभर आधीच बंद केलं. मस्कारा, आयलायनर, तेही तेव्हाच. थ्रेडिंग आणि अपर लिप पण आधीच उरकून घ्या, केसांना डाय किंवा मेंदी लावायची असेल तर तीही, कारण नंतर निदान तीन-चार आठवडे या कशालाच हात लावता येत नाही. नेलपेंट काढून जा, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावतात.

ऑपरेशन स्वतः, खोटं नाही सांगत, फार काही नाही. थेंबांनी डोळा बधिर करतात, दिवे दिसतात, पाणी पडतंय असं वाटतं, संपलं. खरं काम घरी आल्यावर.

सकाळची सुरुवात डोळा पुसण्यापासून. रात्रभरात पापण्यांना चिकटा येतो, तो नखाने काढायचा मोह भयंकर होतो. पाणी उकळून गार करून ठेवायचं, हात साबणाने धुवायचे, स्वच्छ कापसाचा बोळा त्यात बुडवून पिळायचा आणि मिटलेल्या डोळ्यावरून नाकाच्या बाजूने कानाच्या बाजूला एकदाच हलकेच फिरवायचा, तो बोळा टाकायचा, परत लागलं तर दुसरा. डोळा उघडून आत बोळा घालायचा नाही. पदराने, रुमालाने, नॅपकिनने तर अजिबात नाही, आणि आपल्याला पदराने डोळे टिपायची इतकी सवय असते की मी घरात पदरवाली साडी नेसणंच बंद केलं, समोरून बटणं असलेले गाऊन घातले. त्याचा दुसरा फायदा म्हणजे डोक्यातून काढताना गळा डोळ्याला घासत नाही.

ड्रॉप्स. साधारण एक अँटिबायोटिक, एक स्टिरॉइड, कधी एक सूज-दुखण्यावरचं असतं. स्टिरॉइडचं हळूहळू कमी करत नेतात, ते आपल्या मनाने मधेच बंद करायचं नाही आणि बरं वाटतंय म्हणून जास्त दिवस चालूही ठेवायचं नाही, त्याने डोळ्यातला दाब वाढू शकतो. दुधासारखं पांढरं औषध असेल तर बाटली हलवून घ्यायची, तळाशी बसलेलं असतं. दोन औषधांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन टाकतं. थेंब एकच पुरतो, डोळ्यात मावतोच तेवढा, दोन-तीन घातले तर ते गालावर. बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने मिनिटभर हलका दाबून धरायचा, म्हणजे औषध नाकातून घशात उतरत नाही आणि ती कडू चव येत नाही, ही युक्ती मला नर्सने सांगितली आणि मी ती सगळ्यांना सांगत सुटलेय. आमच्याकडे ड्रॉप्सचं खातं ह्यांच्याकडे होतं. मोबाईलला गजर, फ्रिजवर चार्ट, आणि दोन बाटल्या सारख्या दिसतात म्हणून एकीला रबरबँड. चाळीस वर्षांच्या संसारात इतकं वेळेवर त्यांनी काहीही केलेलं नाही.

आंघोळ गळ्यापासून खाली, दुसऱ्या दिवसापासून चालते. चेहरा ओल्या रुमालाने पुसायचा, डोळा सोडून. प्रश्न केसांचा. दोनेक दिवसांनी तेलकट, मग खाज, आणि खाजलं की हात कपाळावरून डोळ्याकडे. इथे पार्लर कामी येतं, ते मान मागे टाकून धुवायचं बेसिन असतं ना, त्यात पाणी चेहऱ्याकडे येतच नाही. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर मी तिथे जाऊन धुऊन आले, तिला आधीच सांगितलं की डोळ्याचं ऑपरेशन झालंय, फवारा कपाळाच्या पुढे आणायचा नाही, आणि ड्रायर चेहऱ्यावर मारायचा नाही. पार्लर परवडत नसेल तर घरी खुर्चीत बसून मान मागे, मागे बादली, आणि मुलगी किंवा सून मगाने पाणी घालणार. स्वतः पुढे वाकून धुवायचं नाही, एवढंच. अभ्यंग, उटणं, डोक्याला चपचपीत तेल, हे सगळं पुढच्या वर्षी. तेल ओघळतं हो.

झोपताना ती भोकं असलेली प्लास्टिकची वाटी लावायची, शील्ड म्हणतात, कारण झोपेत डोळा चोळतो ते आपल्याला कळतच नाही. ती वाटी रोज साबणाने धुऊन कोरडी करायची, लोक तीच तशीच घामट लावत राहतात. मला चिकटपट्टीने गाल लाल व्हायला लागला तर रोज पट्टीची जागा थोडी बदलली. उताणं किंवा दुसऱ्या कुशीवर झोपायचं.

आता मेकअप. लिपस्टिक पहिल्या दिवसापासून लावा, तिचा आणि डोळ्याचा काही संबंध नाही. क्रीम, मॉइश्चरायझर गालाला आणि हनुवटीला चालतं, डोळ्याच्या आसपासचा भाग सोडून. पावडर मात्र नको, पफ आपटला की ढग उडतो आणि पापण्यांवर बसतो. सनस्क्रीन घामाने ओघळून डोळ्यात येतं, कपाळाला नको. डोळ्यांचा मेकअप बहुतेक डॉक्टर दोन ते चार आठवडे नको सांगतात, आणि माझ्या मते खरी भानगड लावण्यात नाही, काढण्यात आहे. लावताना आपण हलक्या हाताने लावतो, रात्री काढताना तेल लावून, कापूस घासून, दाबून, खेचून काढतो, वॉटरप्रूफ असेल तर बघायलाच नको. म्हणजे जंतू आणि दाब दोन्ही एका फटक्यात. म्हणून परवानगी मिळाल्यावरही आधी साधं, पाण्याने निघणारं, पापणीच्या बाहेरून. आतल्या कडेला सगळ्यात शेवटी. आणि जुना मस्कारा, जुनी काजळपेन्सिल फेकून द्या, नाही तिथे जीव अडकवू नका, उघडलेल्या मस्काऱ्याच्या नळीत जंतू वाढतात, तसाही तो तीनेक महिन्यांत बदलायचाच असतो. सुरमा तर कायमचाच सोडा, त्यात बऱ्याचदा शिसं असतं, ऑपरेशन असो नसो. आणि हो, डोळ्यात मध, गुलाबपाणी, तूप, एरंडेल काहीही घालायचं नाही, कोणीही कितीही प्रेमाने आणून दिलं तरी.

गंमत पुढेच आहे. परवानगी मिळाली, नवीन पेन्सिल आणली, आरशासमोर उभी राहिले, आणि काही दिसेचना! साधं भिंग बसवलं असेल तर ते लांबचं दिसण्यासाठी बसवलेलं असतं, जवळचं दिसायला चष्मा लागतो. चष्म्याचा नंबर पक्का होतो चार-सहा आठवड्यांनी, आणि चष्मा घालून काजळ लावणार कसं? ज्यांचा आधी मायनस नंबर होता त्यांना तर जास्त चुकल्यासारखं होतं, कारण त्यांना चष्मा काढला की जवळचं लख्ख दिसायचं. उपाय म्हणजे मोठं दाखवणारा आरसा, स्टँडचा, खिडकीजवळ ठेवायचा. किंवा मेकअपसाठी एकेक काच खाली पडणारा चष्मा मिळतो, एका डोळ्याची काच पाडून तो डोळा रंगवायचा आणि दुसऱ्या काचेतून बघायचं. दिसायला अगदी सर्कस, पण काम होतं.

आणि रंग. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मोतीबिंदू झालेलं भिंग पिवळट असतं, निळा रंग खाऊन टाकतं, आणि ते इतकं हळूहळू होतं की आपल्याला कळत नाही. नवीन भिंगातून पांढरं निळसर पांढरं दिसतं. एक डोळा मिटून मी आमच्या हॉलच्या भिंती बघितल्या, ऑपरेशनच्या डोळ्याने पांढऱ्या, दुसऱ्याने साय धरलेल्या, आणि मी वर्षभरापूर्वी पेंटरशी भांडले होते की तू क्रीम कलर का लावलास. माझं फाउंडेशन तर सरळ पिवळं निघालं. त्यामुळे दुसरा डोळा होईपर्यंत नवीन शेड विकत घेऊ नका आणि मॅचिंग ब्लाउजपीस आणायला एकट्या जाऊ नका. दोन डोळे वेगवेगळं दाखवत असतात तेव्हा अंतरही नीट कळत नाही, चहा बशीत ओतला जातो, जिन्याची शेवटची पायरी चुकते, तेवढे दिवस कठडा धरा. जुन्या चष्म्याची त्या बाजूची काच ऑप्टिशियनकडून काढून घेता येते, पण आधी डॉक्टरांना विचारून.

स्वयंपाकघरात मी सुरुवातीला फक्त बसून भाजी निवडली. भाजी चिरली तरी कांदा नाही, मिक्सरला मिरची-खोबरं नाही, पीठ चाळणं नाही, कुकर उघडणं नाही. तिळगुळाचे लाडू यंदा नणंदेने केले, तीळ भाजताना तडतडून उडतात हे कुठल्या डॉक्टरच्या लक्षात येणार? पुढे गॅसजवळ गेले तेव्हा काळा गॉगल लावून. घरात हसले सगळे, हसू देत. झाडणं, जळमटं काढणं, गाद्या झटकणं महिनाभर नाही, मावशींना जरा जास्त पैसे देऊन करून घेतलं. भरलेली बादली, दळणाचा डबा आणि नातवंड, तिन्ही उचलायचं नाही, नातवंडाला तर मांडीवर घेतानाही सांभाळून, त्यांची बोटं सरळ डोळ्यात जातात. वाकण्याबद्दल आता काही डॉक्टर बरेच सैल झालेत, चप्पल घालायला वाकलं तर काही होत नाही म्हणतात, पण सूर्यनमस्कार, शीर्षासन, कपालभाती नाहीच. शौचाला जोर लावायला लागू नये म्हणून पपई, भरपूर पाणी. खोकला असेल तर ऑपरेशनच्या आधीच सांगायचा. आंबट खाऊ नका, दूध पिऊ नका, याला काही आधार नाही, डायबेटिस असेल तर साखर ताब्यात ठेवा हे मात्र शंभर टक्के खरं.

आणि हळदीकुंकू. मी गेले. घरी बसून राहणं मला जमलं नसतं. कोरडं कुंकू कपाळावरून भुरभुरतं आणि खाली डोळाच असतो, म्हणून टिकली लावून गेले आणि प्रत्येकीला दारातच सांगितलं, बाई गं, मंगळसूत्राला लाव. कोणीही वाईट मानलं नाही, उलट दोघी-तिघींनी तिथेच आपापल्या मोतीबिंदूच्या गोष्टी काढल्या. जास्त सावध राहायचं ते गुलाबदाणीपासून, ती शिंपडणारी मुलगी पाच-सात वर्षांची असते आणि तिचा नेम चेहऱ्यावरच असतो. वाकून नमस्कार नाही, हात जोडले. एकीकडे बोरन्हाण होतं, तिथे मी दुसऱ्या खोलीत बसले, चुरमुरे आणि बोरं उधळणाऱ्या दहा पोरांसमोर गॉगलचा काय टिकाव लागणार. बुक्का, अंगारा, गुलाल, रंगपंचमी, सगळ्याला हेच लागू. स्कूटरवर मागे बसायचं झालं तर गॉगल आणि वर हेल्मेटची काच खाली.

डोळा थोडा खुपणं, पाणी येणं, उजेड सहन न होणं, हे सुरुवातीला असतंच, कोरडेपणाही बरेच दिवस राहतो, त्यासाठी वेगळे थेंब देतात. पण दुखणं वाढत चाललं, लाली वाढली, काल दिसत होतं त्यापेक्षा आज कमी दिसतंय, डोळ्यासमोर विजा चमकतात किंवा एका बाजूने पडदा आल्यासारखं वाटतंय, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. रविवार आहे, सोमवारी बघू, पाहुणे आहेत, असलं काही नाही. आतलं इन्फेक्शन फार क्वचित होतं, पण झालं तर तासांचा हिशोब असतो.

माझा दुसरा डोळा आता उन्हाळ्यात करायचाय. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. त्याआधी थ्रेडिंग, डाय आणि मोठी केसकापणी, खांद्यापर्यंत, पार्लरवालीशी बोलून झालंय. लोणच्याची मिरची-मोहरी कोण कुटणार हे तेवढं ठरायचंय, ह्यांनी हात वर केलेत.